सूट मिळाली तरी परीक्षा द्या

सरकारी आणि निमसरकारी नोकरीत ठरावीक वय ओलांडलं की बऱ्याच विभागीय परीक्षांतून सूट मिळते. माणूस हुश्श करतो, पुस्तकं माळ्यावर जातात. या सवलतीमागचा हेतू चांगलाच आहे. वीस-पंचवीस वर्षं मान मोडून काम केलेल्या कर्मचाऱ्याची पदोन्नती एका पेपरावाचून अडू नये. पण तिच्याबरोबर एक समजूतही मनात घर करते, की आता आपलं शिकायचं वय गेलं. मला हे पटत नाही. कार्यालयीन कामात मुरलेल्या माणसानं व्यावसायिक परीक्षा द्यायची खरी वेळ चाळिशीच्या मध्यापासून पंचावन्नपर्यंतचीच आहे. आणि मावळात राहणाऱ्यांकडे तर ती देण्याचं अगदी ठोस कारण आहे.

आपल्या तालुक्यात अशी माणसं कुठं कुठं बसलेली असतात ते पाहा. वडगावची पंचायत समिती आणि तहसील कचेरी, तळेगाव दाभाडे आणि लोणावळ्याच्या नगर परिषदा, शाळा-महाविद्यालयांची ऑफिसं, गावोगावच्या विकास सोसायट्या, पतसंस्था, जिल्हा बँकेच्या शाखा, तळेगाव एमआयडीसीतल्या कंपन्यांचे ॲडमिन विभाग. इथले वरिष्ठ लिपिक, अधीक्षक, सचिव, हेडक्लार्क म्हणजे त्या कार्यालयाची स्मरणशक्ती. कोणता ठराव कोणत्या सालचा, कोणत्या पावतीला जोडपत्र नाही, ऑडिटर आला की आधी काय मागणार, हे त्यांना तोंडपाठ. साहेब बदलतात, ही माणसं तिथंच असतात. मात्र या सगळ्या जाणतेपणाला त्या इमारतीबाहेर किंमत नाही, कारण तो कुठल्याच कागदावर नाही.

तळेगावकरांनी याचा एक धडा जवळून पाहिला आहे. जनरल मोटर्सच्या तळेगाव कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं. पुढे तो कारखाना ह्युंदाईनं घेतला, पण तोवर मधे वर्षं गेली. अशा वेळी नव्या दारात उभं राहिल्यावर पहिला प्रश्न अनुभवाचा येत नाही, कागदाचा येतो. सरकारी नोकरीत ही वेळ उशिरा येते, पण येतेच. राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी हातपाय धड असतात, डोकं तर सर्वांत पक्व असतं, आणि तेव्हाच त्या डोक्याला काम उरत नाही.

मग परीक्षा कोणती द्यायची? बाजारात प्रमाणपत्रांचा सुकाळ आहे. सात दिवसांत, घरबसल्या, सोनेरी शिक्क्यासह मिळणारीही आहेत. पैसे भरण्याआधी एकच गोष्ट तपासा: या प्रमाणपत्राचं नाव एखाद्या कायद्यात, सेवाप्रवेश नियमात किंवा नोकरीच्या जाहिरातीत शैक्षणिक अर्हता म्हणून लिहिलेलं आहे का? असेल तर पुढे जा. नसेल तर ते ज्ञानासाठी करा हवं तर, पण त्याच्यावर भविष्याची भिस्त ठेवू नका.

या कसोटीला उतरणारी आणि मावळातल्या कार्यालयीन माणसाला सर्वांत जवळची परीक्षा माझ्या मते सहकार व लेखा पदविकेची. सगळे तिला ‘जीडीसी अँड ए’ म्हणतात. ती राज्याच्या सहकार खात्यामार्फत घेतली जाते. अर्ज ऑनलाइन असतो. अधिसूचना साधारण वर्षाच्या सुरुवातीला निघते आणि परीक्षा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, शुक्रवार ते रविवार, अशी होते. पुणे हे तिचं केंद्र आहेच. पात्रतेसाठी पदवी लागते. बारावीवर नोकरीला लागून पदवी राहून गेली असेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी.कॉम. हा आधीचा टप्पा समजा. १९८९ साली हे विद्यापीठ स्थापन झालं ते नोकरी-संसारात अडकलेल्यांसाठीच, आणि तिथं तुमच्या वयाचे विद्यार्थी तुम्हाला भेटतील.

या पदविकेचं मोल कायद्यातच लिहिलेलं आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधल्या कलम ८१ नं ‘प्रमाणित लेखापरीक्षक’ कोणाला म्हणायचं ते सांगून ठेवलं आहे: मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, जीडीसी अँड ए ही पदविका, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान. म्हणजे सनदी लेखापालाच्या बरोबरीनं सहकारी संस्थेचं ऑडिट करण्याचा अधिकार कायद्यानं या माणसाला दिला आहे. मराठी येण्याची अट पात्रतेत घातलेली दुसरी व्यावसायिक परीक्षा मला तरी चटकन आठवत नाही. ज्यानं आयुष्यभर मराठीत टिप्पण्या आणि इतिवृत्तं लिहिली, त्याला इथं सुरुवातीलाच बळ मिळतं.

आणि काम आहे का? मावळात तरी आहे. एकीकडे जुना सहकार: भाताच्या पीककर्जासाठी गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या, दूध संस्था, पगारदारांच्या पतसंस्था, दारुंब्र्याचा संत तुकाराम साखर कारखाना. दुसरीकडे गेल्या दोन दशकांत तळेगाव, वडगाव, कामशेतला उभ्या राहिलेल्या इमारती आणि लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांच्या स्कीम्स. इमारत झाली की सोसायटी झाली. सोसायटी झाली की दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत ऑडिट आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा आलीच. लोणावळ्यात तर बऱ्याच फ्लॅटांचे मालक मुंबईत राहतात. कमिटीवर यायला कोणी तयार नसतं, दप्तर एखाद्या पोत्यात पडलेलं असतं. अशा सोसायटीला ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातली सभासद नोंदवही कशी ठेवायची हे नीट माहीत असलेला माणूस हवा असतो आणि तो शोधून सापडत नाही.

ज्यांना ऑडिटरच व्हायचं नाही, फक्त सोसायटीचं व्यवस्थापन करायचं आहे, त्यांच्यासाठी सहकार खातंच ‘सीएचएम’ म्हणजे सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापनाची प्रमाणपत्र परीक्षा घेतं. ती जीडीसीबरोबरच होते. अभ्यास तुलनेनं आटोपशीर आहे. निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, कंपनीच्या ॲडमिनमध्ये असलेले अशांना मी हीच आधी द्यायला सांगेन.

इतर वाटा थोडक्यात. नगर परिषदेत असाल तर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अभ्यासक्रमांकडे पाहा. १९२६ साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था एल.जी.एस. (स्थानिक शासन सेवा) आणि स्वच्छता निरीक्षक या पदविका चालवते. लोणावळा नगर परिषदेनं स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत २०२१ साली देशात दुसरा आणि २०२३ साली तिसरा क्रमांक मिळवला. ज्या शहरात हे घडलं तिथल्या कर्मचाऱ्यांनी आपलं काम पदविकेच्या रूपात नोंदवून ठेवायलाच हवं. महसूल खात्यातल्यांची दुय्यम सेवा आणि अर्हता परीक्षा ही वेगळी वाट, ती त्यांना माहीतच आहे. परदेशी कंपनीच्या ऑफिसात असाल तर अमेरिकेतल्या कार्यालयीन व्यावसायिकांच्या संघटनेची परीक्षाही आहे. १९४२ मध्ये सेक्रेटरींनी स्थापन केलेल्या या संघटनेनं १९५१ पासून प्रमाणपत्र परीक्षा घ्यायला सुरुवात केली, म्हणजे कारकुनी कामाला स्वतंत्र व्यवसायाचा दर्जा मागण्याची गोष्ट काही आजची नाही. आणि ज्यांना फायलींपासूनच दूर जायचं आहे, त्यांच्या दाराशी लोणावळ्यात कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत लांबून लांबून लोक योगशिक्षणासाठी येतात. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षाही आता आहेत. मावळकरांनी हा शेजार कमी वापरला आहे, असं मला नेहमी वाटतं.

आता अभ्यासाकडे वळू. जीडीसीचा अभ्यास ढोबळमानानं तीन अंगांचा: हिशेब, लेखापरीक्षण आणि कायदा. सहकाराचा इतिहास व तत्त्वं हा भाग जोडीला. अनुभवी माणसाला वाटतं की हिशेब आपल्याला येतो. किर्द-खतावणी रोजचीच. पण रोजची सवय आणि परीक्षेतलं उत्तर यांत अंतर असतं. एक साधं उदाहरण घेऊ.

३१ मार्चला संस्थेच्या किर्दीप्रमाणे बँकेत १,२८,१०० रुपये शिल्लक आहे. पासबुकात मात्र १,४२,६०० दिसतात. फरक साडेचौदा हजारांचा. ऑफिसात आपण काय करतो? बँकेतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतो, ‘तो ठेकेदाराचा चेक अजून आला नाही ना?’ एवढं विचारतो आणि समाधानानं फोन ठेवतो. परीक्षेत ताळमेळ पत्रक मांडावं लागतं. दिलेला पण न वटलेला चेक १८,००० चा, तो किर्दीच्या शिलकेत मिळवायचा. भरलेला पण जमा न झालेला चेक ३,२०० चा, तो वजा. बँकेनं परस्पर कापलेलं शुल्क ३००, तेही वजा. बरोबर १,४२,६०० येतात. इथपर्यंत बरेच जण पोहोचतात. खरा प्रश्न पुढे आहे: यातल्या कोणत्या रकमेची नोंद आता किर्दीला करायची? फक्त तीनशेची. उरलेल्या दोन्ही रकमा दिवस उलटले की आपोआप जुळतील. पण तो अठरा हजारांचा चेक जानेवारीतल्या तारखेचा असेल, तर तीन महिन्यांत त्याची मुदत संपणार आणि नोंद उलटवावी लागणार. चेकची मुदत एप्रिल २०१२ पासून तीन महिन्यांची झाली आहे, हे अजून कित्येक कार्यालयांच्या अंगवळणी पडलेलं नाही. एवढ्याशा उदाहरणात हिशेब आहे, ऑडिट आहे आणि नियमही आहे. रोज असं एक मांडून सोडवलंत, तर वीस वर्षांच्या कामाला शिस्त येते.

कायद्याच्या पेपरात अनुभवी माणूस हमखास फसतो तो ‘आमच्याकडे असं करतात’ या वाक्यावर. आपल्या कार्यालयाचा रिवाज म्हणजेच नियम, अशी त्याची खात्री असते. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी किती बिगर-वहिवाट शुल्क लावू शकते? लोणावळ्यात हा प्रश्न दर सभेत पेटतो. कुणी म्हणतं सर्वसाधारण सभेचा ठराव आहे, दुप्पट घ्यायचं. शासनाच्या २००१ सालच्या आदेशानं हे शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर आणून ठेवलं आहे, आणि ठराव कितीही एकमतानं झाला तरी तो या मर्यादेच्या वर जाऊ शकत नाही. उत्तरपत्रिकेत ठरावाचा हवाला दिलात की गुण गेले.

जुन्या पुस्तकांपासूनही सावध राहा. कुणा मित्रानं दहा वर्षांपूर्वी पास होताना वापरलेली गाइडं घरात पडून असतील, ती तशीच उघडू नका. २०१९ मध्ये अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी १३-ब हे वेगळं प्रकरण आलं. पूर्वी थकबाकी म्हटली की सगळीकडे कलम १०१ चा दाखला. आता गृहनिर्माण संस्थेच्या वसुलीसाठी कलम १५४ब-२९ आहे, पतसंस्थेला १०१ च. २०१३ सालच्या दुरुस्तीनं तर ऑडिटरच्या नेमणुकीची पद्धतच बदलली. अधिनियमाची अद्ययावत प्रत घ्या आणि तीच वाचा. मूळ कलम वाचण्याची सवय तुम्हाला शासन निर्णयांमुळे आहेच. पंचविशीतल्या मुलांना ही भाषा परकी वाटते. इथं तुम्ही त्यांच्या पुढे आहात, त्याचा फायदा घ्या. कलमं पाठ करताना ती कशासाठी आली हे स्वतःला विचारत जा. निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला का जातो (कलम ६६), लाभांश पंधरा टक्क्यांवर का थांबतो (कलम ६७)? एखादी पतसंस्था बुडताना पाहिलेल्या माणसाला याचं उत्तर पाठ करावं लागत नाही.

लेखापरीक्षणाचा अभ्यास पुस्तकापेक्षा तुमच्या टेबलावर जास्त होतो. आजवर ऑडिटरनं काढलेल्या मुद्द्यांना तुम्ही उत्तरं दिलीत, आता तेच मुद्दे काढायला शिकायचं आहे. मर्यादेबाहेरची हातशिल्लक, प्रमाणकं नसलेला खर्च, इतिवृत्तात न आलेली खरेदी, येणं-जाणं यादीतली वर्षानुवर्षं तीच असलेली रक्कम. ऑडिट झाल्यावर कलम ८२ प्रमाणे ‘ओ’ नमुन्यात दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. आपल्या संस्थेचे मागच्या तीन-चार वर्षांचे असे अहवाल समोर ठेवा. तोच दोष दरवर्षी का निघतो, याचा शोध घ्या. या शोधाच्या तोडीचा क्लास कुठेही मिळणार नाही.

आता लिहिण्याचं. हा भाग सगळे हलक्यात घेतात. कॉम्प्युटर आल्यापासून आपण सहीपलीकडे हातानं काही लिहिलेलं नसतं. परीक्षेत तासन् तास पेन चालवायचं असतं, तेही सलग तीन दिवस आणि मेच्या उन्हात. पंचवीस वर्षांनी परीक्षेला बसणाऱ्याला ज्ञानापेक्षा मनगट आधी दगा देतं. म्हणून पहिल्या महिन्यापासून रोज एक उत्तर फुलस्केपवर घड्याळ लावून लिहा. माध्यम निवडताना आपण टिप्पणी कोणत्या भाषेत लिहितो याचा विचार करा. मराठीत लिहीत असाल तर मराठीच घ्या, इंग्रजीत उत्तरं लिहिल्यानं वजन पडतं ही समजूत सोडा. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. मधुमेह असेल तर पेपरांच्या मधल्या वेळचं खाणं-पाणी ठरवून ठेवा. या गोष्टी क्लासवाले सांगत नाहीत, कारण त्यांच्यासमोरची मुलं बावीस वर्षांची असतात.

वेळ कुठून आणायचा? मावळचं वर्ष डोळ्यांसमोर ठेवून बेत आखा. जून ते ऑगस्ट विसरा. गावाकडे भातलावणी असते, आणि लोणावळ्यात नोकरी असेल तर पावसाळ्यातले शनिवार-रविवार भुशी धरणाच्या गर्दीच्या बंदोबस्तात आणि कामात जातात. गणपती झाले, नवरात्र गेलं, भात झोडून घरात आलं की खरा अभ्यास सुरू करावा. दिवाळी ते फेब्रुवारी हे चार महिने तुमचे. मार्च वर्षअखेरीत जाणार हे धरूनच चाला. त्या महिन्यात नवीन काही वाचू नका, पण कामावरच्या ताळेबंदाकडे परीक्षार्थीच्या नजरेनं पाहा. एप्रिल-मे लगीनसराई आणि जत्रांचे. सगळी आमंत्रणं स्वीकारू नका. एक वर्ष अक्षता टाकायला घरातलं दुसरं कोणी गेलं तरी चालतं.

रोज पुण्याला किंवा चिंचवडला जाणाऱ्यांना लोकलचा वेळ आहे. लोणावळा-पुणे लोकल १९७८ पासून धावते. अंतर सुमारे ६४ किलोमीटर, प्रवास साधारण सव्वा-दीड तासाचा. लोणावळा, मळवली, कामशेतला चढणाऱ्याला सकाळी बसायला जागा मिळते, तळेगावनंतर गर्दी होते. हिशेबाची उदाहरणं गाडीत सुटत नाहीत, तो नाद करू नका. कायद्याची कलमं मात्र गाडीत उत्तम होतात. लहान चिठ्ठीवर एका बाजूला कलमाचा क्रमांक, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत आशय, अशी एक गड्डी खिशात ठेवा. डब्यातल्या भजनी मंडळाला आधी सांगून ठेवलंत तर तेही सांभाळून घेतात.

घरी अभ्यास होत नसेल तर गावातल्या अभ्यासिकेत जा. तिथं एमपीएससीची मुलं बसलेली असतात, केस पिकलेल्या माणसाकडे आधी जरा बघतात. संकोच करू नका. थोड्याच दिवसांत ती मुलं तुमच्याकडे शासकीय पत्रातला मजकूर समजून घ्यायला येतील आणि तुम्ही त्यांच्याकडून मोबाइलवरचं ॲप वापरायला शिकाल.

बायकांबद्दल मला वेगळं सांगायचं आहे. कार्यालयांत हिशेबाची टेबलं कितीतरी ठिकाणी महिलाच सांभाळतात, आणि चोख सांभाळतात. परीक्षेचं नाव निघालं की ‘मुलांची दहावी-बारावी होऊ दे’, मग ‘सासूबाईंचं ऑपरेशन होऊ दे’ असं करता करता त्यांचीच निवृत्ती येते. घरच्यांनो, नवऱ्याच्या खात्यातल्या परीक्षेसाठी जशी अख्ख्या घरानं टीव्ही बंद ठेवला होता, तसाच तिच्यासाठी ठेवा. संध्याकाळचा दीड तास स्वयंपाक दुसऱ्या कोणीतरी केला पाहिजे, एवढीच ही मागणी आहे.

काही कागदोपत्री बाबी. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत असाल तर परीक्षेला बसण्याआधी कार्यालयप्रमुखांना लेखी कळवून परवानगी घ्या आणि आवक क्रमांकाची प्रत जपून ठेवा. परीक्षेच्या दिवसांची रजा मार्चमध्येच टाका. पास झालात की प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत देऊन सेवापुस्तकात नोंद करून घ्या. इतरांची सेवापुस्तकं अद्ययावत ठेवणारे लोक स्वतःच्या नोंदी वर्षानुवर्षं करत नाहीत. वर्तणूक नियमांमुळे नोकरीत असताना परवानगीशिवाय बाहेरचं ऑडिटचं काम घेता येत नाही. ओळखीच्या सोसायटीनं कितीही आग्रह केला तरी घेऊ नका. निवृत्तिवेतन हाताशी आलेलं असताना चौकशी मागे लावून घेण्याइतकं ते काम मोठं नाही.

याच ठिकाणी वयाचा हिशेब येतो. प्रमाणित लेखापरीक्षक व्हायला पदविकेनंतरही तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. सरकारी कर्मचाऱ्याला तो बहुधा निवृत्तीनंतर एखाद्या ऑडिटरच्या हाताखाली काढावा लागेल. पन्नाशीत पास झालेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी थेट त्या कामाला लागतो आणि एकसष्टाव्या वर्षी लेखापरीक्षकांच्या नामतालिकेसाठी अर्ज करू शकतो. साठाव्या वर्षी अभ्यास सुरू करणाऱ्याच्या हातून हीच वर्षं जातात. पतसंस्थेत किंवा खासगी नोकरीत असाल तर कोणता अनुभव ग्राह्य धरतात ते उपनिबंधक कार्यालयात आधीच विचारून घ्या. नामतालिकेवर आलात की संस्थेची वार्षिक सभा तुमची नेमणूक करते, आणि एका आर्थिक वर्षात वीसच संस्था घेता येतात. एक लाखाहून कमी भागभांडवल असलेल्या संस्था यात मोजत नाहीत. ही मर्यादा मला आवडते. निवृत्त माणसाला पेलेल एवढंच काम त्यात बसतं, आणि नवख्याला वाव राहतो.

नापास झालात तर? या परीक्षेचा निकाल सढळ नसतो, पहिल्या फेरीत एखाद-दोन विषय राहणं सर्रास घडतं. ठरावीक गुण मिळालेल्या विषयातून पुढच्या वेळी सूट मिळते, ती मागायला विसरू नका. ही सूट जरूर घ्यावी, ती कमावलेली असते. ऑफिसात कुणी चेष्टा केली तर करू द्या. चेष्टा करणाऱ्यातलाच एखादा पुढच्या वर्षी तुमच्या नोट्स मागायला येतो.

एक शंका मला वारंवार विचारली जाते: या वयात एवढा खटाटोप पैशासाठी करायचा का? छोट्या सोसायट्यांच्या ऑडिट फीवर कोणी श्रीमंत होत नाही. पण मावळात जमिनींना भाव आला, इमारती उठल्या, पैसा फिरू लागला, आणि तो पैसा सामान्य माणसांच्या संस्थांमधून फिरतो. त्या संस्थांचे हिशेब बघणारी माणसं इथलीच, इथली भाषा आणि इथले सभासद ओळखणारी असावीत. कामशेतच्या विकास सोसायटीतला शेतकरी ज्याला ‘अण्णा, माझ्या कर्जाचं व्याज बरोबर लावलंय का?’ असं थेट विचारू शकतो, असा ऑडिटर त्याला मिळायला हवा. तुमच्यासारखे लोक पुढे आले नाहीत, तर हे काम कागद पाहून शेरा मारून जाणाऱ्यांच्या हाती राहील.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. तुम्ही ज्या कुठल्या सोसायटीचे किंवा पतसंस्थेचे सभासद असाल, तिथल्या सचिवांकडे मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक पाहायला मागा. कलम ३२ प्रमाणे सभासदाला तो हक्क आहे. रविवारी सकाळी पेन्सिल घेऊन बसा आणि ज्या रकमेचा अर्थ लागणार नाही तिच्याखाली रेघ मारा. तुमचा अभ्यासक्रम त्या रेघांपासून सुरू होतो. नव्या वर्षात अधिसूचना निघेल, तेव्हा शेवटच्या तारखेची वाट न पाहता अर्ज भरा.